बंद दाराआडची भाकरी

पुण्याहून भीमाशंकर तुरीच्या राशीला, मळणीच्या दिवसांत, गावी मादन हिप्परग्याला आला, की घरात पाव्हण्यासारखा बसायचा. तांब्या हाताशी असला तरी पाणी बायकोनं, जगदेवीनंच ओतून द्यावं. तिला त्यात वावगं वाटत नव्हतं. बिचारा बांधकामावर सेंटरिंगच्या कामाला राबतो, खानावळीत कच्चंपक्कं खातो, म्हणून ती उलट त्याच्या भाकरीवर लोणी जरा जास्तच घालायची.

त्या साली पुण्यात त्याच्या खोलीवर राहणारा मल्लिकार्जुन लग्नाची पत्रिका द्यायला आला. जगदेवीनं त्याला जेवायला वाढलं. गडी भुकेला होता, तारीफ करत खात होता. खाता खाता सहज बोलून गेला, "भाकरी झ्याक हाय वैनी. पर भीमाशंकरअण्णाच्या हातची चवच न्यारी. खोलीवर भाकरीला दुसऱ्या कुनाला हातच लावू देत न्हाईत."

भीमाशंकरला ठसका लागला. जगदेवीनं नेहमीसारखं पाणी दिलं. आजवरचं सगळं लोणी मात्र तिच्या डोळ्यांपुढून सरकून गेलं.

संध्याकाळी तिनं पिठाची परात त्याच्यापुढं सरकवली. तो म्हणाला, तिथली गोष्ट वेगळी, तिथं घरात बाई नसते; इथं लोक काय म्हणतील?

"मग आज बी समजा, बाई न्हाई घरात," असं म्हणून ती उठली आणि बाहेर ओट्यावर सासूजवळ जाऊन तूर निवडत बसली.

आत दाराची कडी लागली. मग थप थप आवाज यायला लागला. एकसारखा, सराईत हाताचा.

गवताचा भारा घेऊन चाललेली शेजारची चांगुणाबाई थबकली. सून इथं, सासू इथं, मग आत कोण भाकरी थापतंय?

"पुण्याचे आचारी आलेत," जगदेवी म्हणाली.

सासू अनसाबाईचा पारा चढला होता. लेकाला चुलीपुढं बसवणारी सून तिनं सात गावांत पाहिली नव्हती. तेवढ्यात दार किलकिलं झालं, एक हात बाहेर आला आणि टम्म फुगलेली भाकरी ठेवून आत गेला. म्हातारीनं तोंड वाकडं करून तुकडा मोडला. मग दुसरा मोडला. भाकरी संपल्यावर ती हळूच म्हणाली, "माज्या पोटी असली सून जलमली व्हती, आन मला पत्ताच न्हाई."

जगदेवी पदर तोंडाला लावून हसत राहिली.

रास होईपर्यंत संध्याकाळची भाकरी भीमाशंकरचीच झाली. आधी दार लावून. मग धुरानं डोळे चुरचुरायला लागल्यावर एक दिवस त्यानंच दार सताड उघडलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिलं. गल्लीतला बसवंतप्पा तर हात धुऊन जेवायलाच बसला.

परात घासायला मात्र तो तयार नाही. ते बायकांचं काम, म्हणतो. राशीला आला की त्यावरून दोघांची अजून रोज जुंपते.