अकरा खिळ्यांची फळी

मी एक जुनी पाइनची फळी आहे. बेंगेतच्या डोंगरात, सोन्याच्या एका लहानशा खाणीच्या तोंडाशी मी टांगलेली आहे. मुकादम अल्बिनोने मला रंधा मारला, माझ्यावर अकरा खिळे ठोकले आणि मासळीच्या डब्यांच्या झाकणांवर आपल्या अकरा गड्यांची नावं कोरली. आत जाताना प्रत्येकाने आपलं झाकण खिळ्याला अडकवायचं, बाहेर येताना काढून घ्यायचं. मी रिकामी झाले की मगच सुरुंगाला बत्ती. काम एवढंसंच, पण सहा वर्षं मी ते चोख केलं. एकदा खाण खात्याचे साहेब आले, त्यांनी माझा फोटोही काढला. तेव्हा मी जरा फुशारले, हे कबूल करते.

मग एके दिवशी दगडात सोन्याची जाड शीर लागली. अशी शीर लागली की आमच्याकडे एकट्याने ओरपायची नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवायचं, ज्याने त्याने आत जाऊन पिशवीभर दगड फोडून न्यायचा. याला सगाओक म्हणतात. नाही म्हणणाऱ्यावर डोंगर रुसतो.

त्या सकाळी आलेल्यांत पेद्रिंग होता. वयाने थोर आणि भारी चेष्टेखोर. सगळे त्याला मानाने मनोंग म्हणत.

"मनोंग, तुमचं झाकण नाही हो," एक गडी म्हणाला.

"मी काय तुझ्या मुकादमाचा नोकर आहे? पाहुण्याची हजेरी घेतोस होय रे?"

अल्बिनोही हसला. "जाऊ दे त्यांना. पाहुण्याला मोजणं बरं दिसत नाही."

दुपारी शेजारी पिशव्या घेऊन परतले. गड्यांनीही झाकणं काढली. अल्बिनोने माझ्याकडे पाहिलं, अकराही खिळे मोकळे होते. त्याने आत एक हाक मारली, पण हवेचा पंखा घरघरत होता. त्याने वात पेटवली.

तेवढ्यात पेद्रिंगची बायको दोमिंगा उकडलेली रताळी घेऊन वर आली. "आमचे हे कुठायत?"

"घरी गेले असतील की."

"अहो, घरूनच येतेय मी!"

अल्बिनो आत धावला. चार पावलंही गेला नसेल, तोच डोंगर हादरला. बाजूच्या भुयारात आणखी मूठभर दगड वेचायला थांबलेल्या पेद्रिंगचा देह तिसऱ्या दिवशी सापडला.

मित्रांनो, मी खोटं बोलले नव्हते. ज्यांची नावं माझ्याकडे होती, ते सगळे बाहेरच होते. म्हणून नुसत्या रिकाम्या फळीवर निर्धास्त होऊ नका. आत जाणारा घरचा असो की पाहुणा, आधी त्याला मोजा.

नवव्या दिवशी दोमिंगा दगड फोडायचा हातोडा आणि टोपलीभर कोरी झाकणं घेऊन आली. कुणाला न विचारता तिने माझ्यावर खिळ्यांची नवी रांग ठोकली.

"हे पाहुण्यांचे," ती अल्बिनोला म्हणाली. "मोजलं असतं तर रुसले असते. रुसू द्यायचं होतंत. घरी मी काढली असती समजूत."