मेढीचा खड्डा

सरूबाईला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. मिनलचं, तिच्या लेकीचं लग्न. आज पालीतल्या घराच्या दारात मांडवाची मेढ रोवायची, आणि व्याही मंडळी वेळेच्या आधीच येऊन बसलेली. एवढी काय घाई होती त्यांना! पण बोलायची सोय नाही. ती आपली चुलीपाशी जाई, भाताकडे बघे, परत ओट्यावर येई, पुन्हा चुलीकडे धावे.

विजेची लाइन तेवढी नवी होती, हे बरं. मागच्या वर्षी सव्वीस जुलैच्या पावसात खांब आडवे झाले नि आख्खी आळी आठवडाभर अंधारात. सरूबाईची फ्रीजरच्या पेटीतली मासळी कुजून गेली. त्यानंतर तिनेच वीज कंपनीच्या साहेबांना भंडावून सोडलं. शेवटी या उन्हाळ्यात वरच्या तारा काढल्या आणि जमिनीखालून केबल टाकली, ती तिच्याच अंगणातून. कालच करंट सोडला. आता वाऱ्याने कितीही थयथयाट करू दे!

केबलच्या कामावरचा बबन वायरमन आळीतलाच. चहाचा कप घेऊन तो चुलीपाशी टेकला होता. तेवढ्यात अंगणात ढोल सुरू झाला. मेढीचा मान मामाचा, म्हणून सरूबाईचा पाठचा भाऊ नाथा पहार घेऊन खड्डा खणायला लागला.

"बबन, तुझ्या केबलला धक्का न्हाय ना लागायचा?" सरूबाईने सहज विचारलं.

"छे गं मावशी! केबलवर विटांची रांग लावलीय. नाथामामाला सांगून ठेवलंय, वीट लागेपर्यंत बिनधास्त खणा, वीट लागली की थांबा नि जागा बदला. विटा असतात कशाला मग?"

सरूबाईने चुलीकडे पाहिलं. आई गं!

त्या विटा चुलीला लागल्या होत्या. चर उघडा होता तेव्हा कामाची माणसं जेवायला गेलेली. चांगल्या भाजलेल्या विटा मातीत गाडतात म्हणजे काय, कंपनीला पैसा वर आलाय, असं पुटपुटत तिने पाट्या भरभरून उचलल्या आणि वरून माती लोटून दिली. लग्नाची चूल फुकटात झाली म्हणून वर शेजारणीला मिरवून सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता सांगायचं तरी कसं? व्याह्यांसमोर चोर ठरायचं. त्यात मेढ अर्ध्यावर थांबवली तर अपशकुन, मिनलला जन्मभर ऐकावं लागणार. ती दोन पावलं गेली, मागे आली, पुन्हा निघाली. नाथा गुडघाभर खोल गेला होता आणि वीट काही लागत नव्हती, म्हणून आणखीच जोर लावत होता. मग ती पळतच सुटली.

"अरं थांब!"

ढोलात कुणाला ऐकू जाणार? नवरीची आई नाचायलाच निघालीय असं व्याह्यांना वाटलं, नि त्यांनी हौसेने टाळ्याच वाजवल्या. नाथा खड्ड्याच्या काठावर येऊन पहार डोक्यावर नेत होता. सरूबाईने सरळ खड्ड्यात उडी घेतली आणि फतकल मारून बसली. नाथाने पहार कशीबशी बाजूला फेकली.

"येडी झालीस काय ताई? डोस्कं फुटलं असतं!"

"विटा न्हाईत खाली! मी काढल्या. चुलीला लावल्यात!" ती सगळ्यांदेखत ओरडली.

ढोल थांबला. विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. बबनने आधी तिला हात धरून वर ओढलं, फोन करून लाइन बंद करवली आणि मग खड्ड्यात उतरून हाताने माती उकरली. चार बोटांखाली केबल होती.

विहीणबाई कुणाच्या तरी कानात अपशकुनाचं काही बोलल्या. नाथाला ते ऐकूच गेलं नाही. तो वाकून खड्ड्यातल्या केबलकडे बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "खाली काय हाय ते ठाऊक असून तू त्याच्यावर बसलीस?"

"मग काय करू? ढोल वाजत होता," सरूबाई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.