एक डोळा पिवळा, एक डोळा निळा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. साधासुधा नाही, धुक्यातला. गाडीच्या पुढच्या बंपरमध्ये, तुमच्या गुडघ्याच्याही खाली, डाव्या अंगाला मी बसतो. उजव्या अंगाला माझा जुळा भाऊ बसतो. माझी कहाणी तुम्हाला सांगणार आहे, पण आधीच सांगून ठेवतो, गोड बोलायच्या मनःस्थितीत मी मुळीच नाही. तुमच्या एका डोळ्यात कुणी पिवळं आणि दुसऱ्यात निळं भरलं, आणि वर चारचौघांत ‘वा, काय छान दिसतंय!’ म्हटलं, तर तुम्हीही माझ्यासारखेच वैतागाल.

माझा जन्म कारखान्यात झाला. वितळलेली काच साच्यात ओतली, मागे चकचकीत वाटी बसवली, आत बल्ब घातला आणि मला तपासणाऱ्या बाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी मला पेटवलं आणि माझ्याकडे पाठ फिरवली! मला वाईट वाटलं. पण त्या बघत होत्या समोरची भिंत. माझा उजेड भिंतीवर कुठे पडतो, किती पसरतो, वर तर चढत नाही ना, एवढंच त्यांनी पाहिलं. “पसरट आहे, खाली आहे. चालेल,” म्हणाल्या आणि मला खोक्यात घातलं. मित्रांनो, त्या बाईंना मी पुढे किती वेळा आठवलं म्हणून सांगू! कारण त्यानंतर मला जो भेटला तो माझ्याच तोंडाकडे बघत बसला.

माझी गाडी राखाडी रंगाची. घरात माणसं चार. मालकांचं रंगाचं दुकान आहे, भिंतींना लावायच्या रंगांचं. त्यांची आई, म्हणजे सासूबाई, दिवसभर ओट्यावरच्या खुर्चीत बसून अंगणाचा कारभार बघतात. मालकांच्या धाकट्या भावाला सगळे बारक्या म्हणतात. त्याला गाड्यांमधलं सगळं कळतं, असं त्याचं म्हणणं आहे. आणि चौथ्या बाई, मालकांची बायको. गाडी चालवतात त्या एकट्याच. मालकांना चालवता येते, पण ते दुकानात चालत जातात, बारक्याला स्वतःची मोटारसायकल आहे, आणि सासूबाईंना गाडीत मळमळतं.

बाई नदीपलीकडच्या दवाखान्यात रक्त काढायचं काम करतात. तिथे लोक उजाडायच्या आत उपाशीपोटी येऊन बसतात. साखरेचा आजार असलेली म्हातारी माणसं असतात, उशीर झाला की त्यांना गरगरतं. बाईंच्या हातची सुई टोचलेली कळत नाही, म्हणून शेजारचं टेबल रिकामं असलं तरी लोक बाईंच्याच रांगेत थांबतात. एवढ्या पहाटे नदी ओलांडायची म्हणजे थंडीच्या दिवसांत धुकं आलंच. पुलावर तर असं दाटतं की गाडीचं नाकसुद्धा गाडीला दिसत नाही.

तिथे माझं काम. मोठे दिवे लांब बघतात, त्यांचा उजेड धुक्यावर आपटून उलटा डोळ्यांत येतो. मी आपला खाली, रस्त्याला चिकटून उजेड टाकायचा. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ मी बाईंना दाखवायचो आणि बाई ती धरून चालवायच्या. निघण्यापूर्वी त्या जुन्या ओल्या फडक्याने आम्हा दोघांची तोंडं पुसायच्या आणि म्हणायच्या, “चला रे पोरांनो, पलीकडे नेऊन सोडा.” अशी किती वर्षं गेली! मला वाटायचं, जन्माचं सोनं झालं.

मग एका थंडीच्या तोंडाला भावाचा बल्ब गेला, मागोमाग माझा. जुनेच होते, पिवळे. गाडीच्या सामानाच्या दुकानातून तसलेच दोन आणून बसवले असते तर चहा उकळायच्या आत काम झालं असतं. पण घरात रंगाचा दुकानदार आहे ना!

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी आमच्यासमोर बैठक भरली. मालक दुकानातून रंगांच्या पट्ट्यांचं पुस्तक घेऊन आले आणि एकेक पट्टी माझ्या गालाला लावून डोळे बारीक करून बघू लागले.

“राखाडीवर पिवळा उठून दिसेल,” ते म्हणाले. “पण कुठला पिवळा? लिंबू की हळदी? लिंबू थोडा स्वस्तातला वाटतो.”

“दादा, पिवळा आता कोण लावतं?” बारक्या म्हणाला. “निळा लाव. मोठ्या गाड्यांना बघ, कशा निळ्या डोळ्यांनी बघतात. समोरचा नुसता दबकला पाहिजे!”

“निळा अंगावर येतो रे. थंड रंग आहे तो. झोपायच्या खोलीला ठीक.”

झोपायच्या खोलीला! मला बोलता येत असतं तर मी तिथल्या तिथे फुटलो असतो. ऊन डोक्यावर, धुक्याचा पत्ता नाही, आणि ही शहाणी माणसं माझ्यासमोर उकिडवी बसून मी कसा दिसतो ते ठरवत होती! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

बाई भांडी टाकून ओल्या हातांनी बाहेर आल्या. “अहो, कुठलाही लावा, पण लवकर लावा. मला फक्त रस्त्याची कड दिसू दे.”

“दिसेल गं. आधी रंग तर ठरू दे.”

तो रंग काही ठरेना. दोन्ही भाऊ इरेला पेटले. जेवताना तोच विषय, झोपायला जाताना तोच. बारक्या रुसून भावाशी बोलेनासा झाला. शेवटी सासूबाईंनी खुर्चीतून निकाल दिला. “दिव्यापायी सख्ख्या भावांनी भांडायचं? दिवे दोन आहेत ना? एक ह्याचा लावा, एक त्याचा लावा. मिटलं!”

आणि मित्रांनो, त्यांनी खरंच तसं केलं. मला पिवळा बल्ब, माझ्या भावाला निळा. कुणाचंही मन मोडलं नाही. आमची मात्र दशा झाली. पण तेवढ्यावरही भागलं नाही. बारक्या चार पावलं मागे जाऊन म्हणाला, “एवढे भारी बल्ब बसवलेत आणि बघतायत जमिनीकडे. लाजल्यासारखे! माना जरा वर करू या.” मालकांनीही मान डोलावली. बाजूचा स्क्रू पिळून त्यांनी आम्हा दोघांची तोंडं वर उचलली. आता आमचा उजेड सरळ समोरच्याच्या डोळ्यांत. दोघे भाऊ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून कौतुकाने बघत उभे राहिले. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. शेजाऱ्यांनी डोळ्यांवर हात धरून ‘फार छान’ म्हटलं.

मग धुकं आलं.

पहिल्याच दिवशी बाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा स्टिअरिंग घट्ट धरून त्यांची बोटं आखडली होती. त्या बोटांनी सुई कशी धरायची? दाराशी टेकून त्यांनी ती चोळून मोकळी केली, मग आत गेल्या. दुसऱ्या आठवड्यात पुलाच्या कठड्याला घासून गाडीचा बाजूचा आरसा गेला. मी जीव तोडून उजेड टाकत होतो हो! पण माझी मानच वर बांधलेली. माझा सगळा उजेड धुक्यात शिरून तिथेच पांढरी भिंत उभी करायचा, आणि भाऊ त्या भिंतीला निळा हात फिरवायचा. रस्त्याची कड आमच्या खालून निघून जायची आणि मला ती बाईंना दाखवता येत नव्हती. त्या काचेला नाक लावून, खिडकी उघडून, गोगलगायीसारख्या पूल ओलांडायच्या.

घरी आरसा पाहून मालक म्हणाले, “तुझे डोळे तपासून घे.”

“डोळ्यांना काय झालंय? धुक्यात दिसत नाही. तुमचे ते दिवे आल्यापासून.”

“दिव्यांना दोष देऊ नकोस. नाचता येईना, अंगण वाकडं!”

“पन्नाशी आली की नजर उतरतेच, सूनबाई,” सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या. “त्यात लाज कसली?”

बाई डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. डोळे ठणठणीत होते. पण घरात ते कुणी मनावर घेईना. बारक्या म्हणाला, “वहिनी, डॉक्टर उजेडात तपासतो. तुमचा प्रॉब्लेम अंधारातला आहे.” ऐका! दुपारी उन्हात माझा रंग ठरवणारा हा माणूस हे बोलला आणि त्याची जीभही अडखळली नाही.

मला खरा राग कशाचा आला माहीत आहे? शेवटी बाईंनाही ते पटायला लागलं. एका संध्याकाळी त्या आम्हाला पुसायला आल्या आणि फडकं हातात धरून तशाच बसून राहिल्या. “माझंच चुकत असेल रे,” म्हणाल्या. “उद्या दवाखान्यात सांगून टाकते. पहाटेची पाळी दुसऱ्या कुणाला द्या म्हणते. दुपारी बसून नुसत्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवीन.” आणि त्यांनी डोळे पुसले. त्या फडक्यानेच पुसले, गाडीच्या. मित्रांनो, त्या वेळी मला आरडून सांगावंसं वाटलं, “बाई, डोळे माझे बिघडलेत, तुमचे नाहीत!” पण दिव्याला तोंड असतं, जीभ नसते.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं असं पडलं होतं की अंगणातली तुळससुद्धा दिसत नव्हती. बाई किल्ली घ्यायला गेल्या तर मालकांनी ती आधीच उचललेली. “आज मी सोडतो तुला. बघ, नीट लक्ष देऊन चालवलं की कसं जमतं ते.”

बाई शेजारी बसल्या. आम्ही निघालो. वस्ती संपेपर्यंत मालक शीळ घालत होते. नदीचा उतार लागला तशी शीळ बंद झाली. मग खिडकीची काच खाली आली. मग मालकांचं डोकं बाहेर आलं. पुलाच्या तोंडाशी गाडी कुठे वळतेय तेच त्यांना कळेना. चाक कशाला तरी आपटलं आणि मालकांनी करकचून ब्रेक दाबला. डाव्या हाताला, माझ्यापासून पावलावर, पूल सुरू व्हायच्या आधीचा मोकळा उतार होता, आणि त्याच्या खाली नदी.

मग मालकांचा आवाज आला, अगदी बारीक. “अगं, मला काही दिसत नाही.”

“मग चष्मा लावा,” बाई म्हणाल्या.

मी आयुष्यात इतका खूश कधीच झालो नव्हतो!

बाई दार उघडून उतरल्या. “थांबा, हलू नका. मी पुढे होऊन रस्ता बघते.” गाडीला हात लावत लावत त्या आमच्यासमोर आल्या आणि आमच्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत धुक्यात त्या आमच्यासमोर कधी उभ्या राहिल्याच नव्हत्या, कायम आमच्या मागे बसलेल्या. आमचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला, एक गाल पिवळा, एक गाल निळा. त्यांनी डोळे मिटले. मग खाली पायांकडे पाहिलं. पायांशी काळोख.

“अहो,” त्या ओरडल्या, “उतरा खाली. उतरा आणि इथे येऊन उभे राहा!”

मालक आले, उभे राहिले.

“तुमचे पाय दिसतायत का तुम्हाला?”

“नाही.”

“मला रोज रस्ता दिसत नव्हता तो असा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि मी आपली डोळे तपासत फिरतेय! नवऱ्याने सांगितलं, सासूने सांगितलं, दिराने सांगितलं, मी मेलीने खरं मानलं!”

मालक माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे... लिंबू पिवळा हवा होता का?”

मी कपाळाला हात लावला असता. मला कपाळ आहे, हात नाहीत.

“अहो, रंगाचं घेऊन काय बसलात! माना खाली करा आधी त्यांच्या.” बाईंनी गाडीतून स्क्रू-ड्रायव्हर आणला, मातीत गुडघे टेकले आणि स्वतःच माझी मान खाली केली. थोडी, आणखी थोडी. भावाची तर त्यांनी वायरच उपटली, बिचारा तेवढ्यापुरता झोपला. आणि मग माझ्यासमोर, ओल्या रस्त्यावर, हळूहळू उमटली ती रेघ. पांढरी, कडेकडेने पुलावर जाणारी. मी तिला किती दिवसांनी भेटत होतो!

बाईंनी हात पुढे केला. मालकांनी किल्ली त्या हातात ठेवली. पूल आम्ही ओलांडला, मी एकटा, एका डोळ्याने. शेजारच्या सीटवर मालक दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. दवाखान्यात उपाशी माणसं थांबली होती. बाई आत गेल्या. पाळी सोडायची गोष्ट त्यांनी कुणाकडे काढली नाही.

परतताना गाडीच्या सामानाच्या दुकानासमोर आम्ही थांबलो. दुकानदाराने बाहेर येऊन आमच्याकडे पाहिलं. हसू आवरत त्याने मालकांना विचारलं, “उजव्याला कुठला रंग देऊ, साहेब?”

मालकांनी तोंड उघडलं. मिटलं. मग वळून म्हणाले, “हिला विचारा. गाडी ती चालवते.”

बाई म्हणाल्या, “पिवळा. होता तसाच.” एवढंच. इतक्या दिवसांच्या भांडणाचं उत्तर एका दमात झालं! कारण तो प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

आता आम्ही दोघे भाऊ पुन्हा खाली मान घालून काम करतो. माझ्या काचेवर चरे पडलेत, कडेला गंज धरलाय. बारक्या अजून कधीतरी कुरकुरतो की गाडी झोपाळू दिसते. दिसू दे. मित्रांनो, माझं तुमच्याकडे फार मागणं नाही. अधूनमधून ओल्या फडक्याने माझं तोंड पुसत जा, आणि माझी मान उगाच वर करू नका. आणि माझा रंग ठरवायची वेळ आली, तर कृपा करून दुपारी अंगणात माझ्यासमोर येऊन बसू नका. एकदा पहाटे माझ्या मागे बसा. आणि तिथे आधीपासून कुणी बसलेलं असेल, तर त्यांना विचारा.