माझी कापलेली कड

मी एक जुनी उशी आहे. डोक्याखाली घ्यायची नव्हे, बसायची. माझी मागची कड मधोमध वीतभर कापलेली आहे. मला पाहणाऱ्या बहुतेकांना वाटते, की उंदराने कुरतडले असावे. मित्रांनो, तसे काही नाही. त्या मोकळ्या जागेसाठीच मला घडवले गेले.

बल्गेरियातल्या डोंगराळ भागात, गालिचे विणणाऱ्यांच्या एका गावात, लोझानकाकांच्या दुकानात माझा जन्म झाला. काका खुर्च्या मढवत. नोव्हेंबर संपत आला असताना बिस्त्रा नावाची तरुण बाई कागदावर काढलेली आकृती घेऊन त्यांच्याकडे आली.

"बस की पोरी," काका म्हणाले.

"नको काका. उभीच बरी."

काकांनी आकृती पाहिली, मग तिच्याकडे पाहिले. "म्हणजे उशी तुलाच हवी आहे. मऊ करू?"

"नको. व्यायाम शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, मऊ बैठकीत माणूस बुडतो आणि हाड टेकतं. घट्ट हवी. मागून उंच, पुढे उतरती. आणि ही जागा पूर्ण रिकामी."

काकांनी घट्ट फोमची लादी निवडली, तिच्यावर मुठीने दाब देऊन पाहिला, पट्टीने दोनदा मापे घेतली आणि मगच सुरी चालवली. वजन दोन्ही मांड्यांवर यावे आणि माकडहाड अधांतरी राहावे, एवढेच माझे काम होते. काम लहान होते. पण ते दुसरे कोणी करू शकत नव्हते.

मला डोळे नाहीत. मला वजन कळते. बिस्त्रा पहिल्यांदा माझ्यावर बसली, तेव्हा तिने अंग इतके आवरून धरले होते, की जणू पाहुण्यांच्या घरी परवानगीवाचून बसली होती. मग हळूहळू तिचे सगळे वजन माझ्यावर आले आणि ती रडू लागली. सहा आठवड्यांत ती प्रथमच बसून मुलीला पाजत होती.

ऑक्टोबरात मिलाचा जन्म झाला. बाळ मोठे होते, वेणा लांबल्या आणि माकडहाड दुखावले. तेव्हापासून बिस्त्रा उभ्याने जेवे आणि कुशीवर निजून मुलीला पाजे. औषधांच्या दुकानातले फुगवायचे रबरी कडे तिने आणून पाहिले. त्यावर बसल्यावर दुखणे वाढलेच. सासू तोदोर्का मनाने वाईट नव्हती. तिने घरातली सर्वांत खोल, सर्वांत मऊ आरामखुर्ची सुनेसाठी चुलीजवळ आणून ठेवली होती.

"चाळीस दिवस बाळंतिणीचं हेच सिंहासन," ती म्हणे. "मी तर माझ्या वेळी चौथ्या दिवशी मागावर बसले होते."

"आई, बसलं की खाली दुखतं."

"सगळ्यांनाच दुखतं गं."

असे बिस्त्राने तीनदा सांगितले आणि तीनदा हेच उत्तर मिळाले. चौथ्यांदा ती बोलली नाही. मला तिने एप्रनखाली लपवून घरात आणले.

बसणे एवढे महत्त्वाचे का होते, तेही सांगते. बिस्त्राचा नवरा ल्युबेन जर्मनीत एका गोदामात कामाला होता. मार्चपासून त्याला कुटुंबासाठी खोली मिळणार होती. तिथे जायचे म्हणजे बसमध्ये तीस तास बसायचे. महागड्या विमानाचे नाव त्या घरात कोणी काढत नव्हते.

"बसमध्ये नुसतं बसायचं तर आहे," ल्युबेन फोनवर म्हणाला. "चालत थोडंच यायचंय?"

"हो," बिस्त्रा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहत माझ्यावर बसू लागली. पहिल्या दिवशी नऊ मिनिटे. मग बारा. उठताना आधी पुढे झुकायचे, पायांवर भार घ्यायचा आणि मगच उठायचे, हे ती ताईंनी शिकवल्याप्रमाणे न चुकता करी. संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी घेई. नाताळापर्यंत आम्ही चाळीस मिनिटांवर पोहोचलो. दर तासाला बस कुठेतरी थांबेलच, असा हिशोब ती मनाशी करी. मिलाखेरीज हे तिने कोणालाच सांगितले नाही आणि मिला तर नुसती जांभया देई.

जानेवारीत एकदा बिस्त्रा मुलीला लस टोचायला तालुक्याला गेली असताना मी तोदोर्काच्या हाती पडले.

मित्रांनो, त्या गावातल्या बायकांना भोक पाहवत नाही. गालिच्यात एक धागा निसटला तरी त्या जेवण सोडून तो भरायला बसतात. तोदोर्काने मला उलटसुलट फिरवले. "अरे देवा, कोणत्या आंधळ्याने कापली ही!" असे म्हणून ती कामाला लागली. पिंजलेली लोकर तिने माझ्या रिकाम्या जागेत ठासून भरली. वर लाल-काळ्या नक्षीचा नवा अभ्रा विणून शिवला. चार दिवस मला आपल्या खोलीत लपवून ती यासाठी मागावर वाकली होती. मी कधीच इतकी सुंदर नव्हते आणि इतकी निरुपयोगीही नव्हते.

"कशी झाली?" तिने मला सुनेपुढे धरून विचारले.

बिस्त्राने माझी कड चाचपली. तिची बोटे थांबली. मार्चमध्ये आपण निघून जाणार आणि ही बाई एकटी उरणार, हे तिला ठाऊक होते. "खूप छान झाली, आई," ती म्हणाली.

त्यानंतर घड्याळाने सात मिनिटे दाखवली. मग पाच. रोज जेवताना सासू समोर बसून आपली नक्षी न्याहाळी. अभ्रा काढायला सुनेला धीर झाला नाही. मी ज्या जागी तिचे हाड अधांतरी धरत होते, त्याच जागी आता मी तिला टोचत होते. मला बोलता येत नव्हते. तिला येत होते. पण तिने बोलणे सोडून दिले होते.

एकवीस जानेवारीला सुईणीचा सण आला. ज्यांना मुले झाली, त्या बायका त्या दिवशी म्हाताऱ्या सुईणीच्या घरी जमतात, तिच्या हातावर पाणी घालतात, तिला पंचा देतात आणि दिवसभर खातपीत बसतात. पुरुषाला त्या घराचा उंबरा बंद. तोदोर्का मोठ्या अभिमानाने सुनेला आणि मला घेऊन गेली. पनीर भरलेली बानित्सा आली, राकियाचे पेले फिरले.

"ल्युबेनचं काय गं?" एकीने विचारले. "वर्षातून दोनदा येतो आणि तेवढ्यात काम उरकून जातो!"

"गोदामातला माणूस तो, माल वेळेवर पोहोचवतो!" दुसरी म्हणाली आणि खोली हसण्याने भरून गेली.

बिस्त्राही हसली. हसताना तिचे वजन मागे गेले. तिचा श्वास अडकला आणि ती मेजाला धरून उभी राहिली.

"बस गं," तोदोर्का म्हणाली.

"उभीच बरी, आई."

"पुन्हा तेच!" तोदोर्काचा आवाज चढला. "घरीदारी उभी. माझ्या शेजारी चार घास खायला हिला लाज वाटते. जर्मनीला जायचंय ना, आत्तापासूनच आम्ही नकोसे झालो!"

बिस्त्राच्या तोंडून शब्द आले, ते अगदी सावकाश आले. "मला बसता येत नाही, आई. माकडहाड दुखतं. तुम्हाला तीनदा सांगितलं. ती कड मुद्दाम कापलेली होती."

कोपऱ्यातून सुईण इस्क्राआजी बोलली. तिचे वय ब्याऐंशी होते. "मोठं बाळ, लांबलेल्या वेणा. मी पाहिलेत अशा बायका. काहींना वर्ष लागतं. दोघीतिघी बऱ्याच झाल्या नाहीत, पण तक्रारही केली नाही. त्यांचं खरं धरायला कुणी नव्हतं." मग तिने मान हलवली. "मीही नव्हते."

दोघी घरी परतल्या. स्वयंपाकघरात तोदोर्काने मला मांडीवर घेतले.

"हे उसवलं, की तुला बसता येईल?"

"हो."

"आणि बसता आलं, की तू जाणार."

"हो, आई."

तोदोर्काने हात पुढे केला. "कात्री दे."

तिचे टाके बारीक आणि पक्के होते. ते उसवायला तिला पाऊण तास लागला. "मेली कोण शिवून गेली एवढं घट्ट!" ती मध्येच म्हणाली आणि दोघी हसल्या. शेवटची लोकर निघाली, तेव्हा तिने माझ्या मोकळ्या जागेत हात घालून पाहिला, काही राहिले तर नाही ना, याची खात्री करायला. तिचा हात तिथे बराच वेळ राहिला.

मार्चमध्ये आम्ही बसमध्ये चढलो. तीस तासांपैकी शेवटचे आठ कठीण गेले. प्रत्येक थांब्यावर बिस्त्रा मिलाला घेऊन बसभोवती चालली. आम्ही पोहोचलो. पुढच्या शरदात ती माझ्याशिवाय बसू लागली आणि मी कपाटावर गेले. तिथे बरेच महिने कोणाचेही वजन माझ्यावर आले नाही.

मग एके दिवशी बिस्त्राने मला धुतले, बांधले आणि त्याच बसच्या चालकाकडे दिले. गावातल्या बेकरीवाल्यांची सून नुकतीच बाळंत झाली होती. तोदोर्काने थांब्यावर मला उतरवून घेतले आणि तशीच त्या घरी नेले. बाळंतीण भिंतीला टेकून उभी होती. तिची सासू म्हणाली, "सगळ्यांनाच दुखतं, तोदोर्का."

"हो. मीही हेच म्हणायचे," तोदोर्का म्हणाली. "आता माझ्या घरी 'दुखतं' म्हणायलाही कुणी नाही."

मला तिथेच ठेवून ती एकटी परत गेली. त्यानंतर मी आणखी चार घरे पाहिली आहेत. माझा फोम आता थोडा दबला आहे. पण कड अजून मोकळी आहे. मित्रांनो, तुमच्या घरात कोणी उभ्याउभ्या जेवत असेल, तर तिला "बस" म्हणू नका. आधी विचारा, बसता येतं का. आणि तिने उत्तर दिले, तर ते पहिल्याच वेळी ऐका.