सुलतानाचे गुडघे

माझ्या भावाने मेयरविरुद्ध उमेदवारी अर्ज भरला, तेव्हा गावात त्याला कुणी नदीबद्दल विचारलं नाही की वाळूबद्दल विचारलं नाही. मेयरच्या पोरांचे ट्रक रात्रंदिवस नदी उपसत होते, काठावरची शेतं खचत होती, आणि ते थांबवायला हा उभा राहिला होता. पण मासेवालीपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच: "मग एलिसेओ, यंदा गुडघे टेकणार का?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मे महिन्यात सान्ता क्रूसच्या, म्हणजे पवित्र क्रुसाच्या जत्रेला आमच्या चर्चच्या पटांगणात एक जुनं पद्यनाटक होतं. आम्ही त्याला कोमेद्या म्हणतो. ख्रिस्ती राजा क्लारिदोन आणि मूर, म्हणजे मुसलमान सुलतान ओस्मालिक यांची लढाई. दुपारभर लाकडी तलवारी खडखडतात, बँड वाजतो, आणि शेवटी हरलेला सुलतान राजापुढे गुडघे टेकतो. राजाच्या एका हातात क्रूस, दुसऱ्या हातात शिंपला. शिंपल्यातलं पाणी सुलतानाच्या डोक्यावर घालून, त्याला ख्रिस्ती करून घेत राजा म्हणतो:

ऊठ बंधो, पूस डोळे,
आजपासून तू आमुचा.

मग सुलतानाने उठायचं. त्याआधी नाही.

या ओळी कुणी रचल्या ते कुणालाच ठाऊक नाही. मी जन्मभर शाळेत साहित्य शिकवलं, आणि माझं मत विचाराल तर छंद लंगडा आहे. पण गावाला राजकारण शाळेने शिकवलं नाही, या लंगड्या छंदाने शिकवलं. आमच्याकडे निवडणूक हरलेला माणूस महिन्याभरात जिंकलेल्याच्या पक्षात जातो, डोक्यावर पाणी घालून घेतो, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. नाटकात सुलतान तेच तर करतो. बाजारात कापड विकणारे, दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरचे मुसलमान त्या दिवशी दुकानं लवकर बंद करतात. का, असं त्यांना कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

राजा कायम अल्बारादोंच्या घरातला. आजोबा मेयर, बाप मेयर, आता होनोरातो मेयर, आणि मुकुट त्याच क्रमाने डोकी बदलत आलेला. सुलतान मात्र माझा भाऊ. एलिसेओ तान्हा असताना गोवराने इतका खंगला होता की शेजारणीने मर्तिकाच्या मेणबत्त्यासुद्धा आणून ठेवल्या होत्या. तेव्हा आमच्या आईने क्रुसाला नवस बोलला: पोर वाचलं तर जन्मभर दर वर्षी सुलतान होऊन तुझ्यापुढे गुडघे टेकेल. राजाचा नवस मोठ्या घरांनी बोलायचा. आमच्यासारख्यांच्या वाट्याला सुलतानच.

आणि मी प्रॉम्प्टर. कोमेद्यात कुणी काही पाठ करत नाही. रंगमंचाच्या पुढच्या कडेला फळ्यांचं एक खोकं असतं, त्यात मी मान तेवढी वर काढून बसते. मी ओळ सांगायची, नटाने ती तशीच म्हणायची. मी गप्प तर सगळे गप्प. माझा स्वभाव बघता हे काम मला देवानेच दिलं, असं माझे विद्यार्थी म्हणतात.

मतदान जत्रेनंतर आठवड्याभराने होतं. एलिसेओ फादर नेस्तोरना भेटायला गेला, मी सोबत गेले.

"फादर, या एका वर्षापुरतं मला मोकळं करा," तो म्हणाला. "सगळा गाव बघणार, फोनवर चित्रण करणार. मी त्याच्यापुढे गुडघ्यावर, आणि तो म्हणणार, तू आमुचा. मग मतं कशाला मागू? घरातलंच दुसरं कुणी उभं करतो. ही मनांग पुरिंग आहे, हिला तर सगळं तोंडपाठ आहे."

मनांग म्हणजे ताई. सगळं गाव मला तेच म्हणतं.

फादर हसले. "नवस म्हणजे काय हातगाडी आहे का, आज तू ओढ, उद्या हिने ओढावी? ज्याच्यासाठी बोलला त्यानेच फेडायचा."

चर्चच्या छपराचे नवे पत्रे मेयरने दिले होते. आम्ही दोघांनी वर बघायचं टाळलं.

घरी येऊन त्याने नानांगला, म्हणजे आईला विचारलं. ती चाकाच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होती.

"तू होनोरातोपुढे गुडघे टेकतोस असं कुणी सांगितलं तुला?" ती म्हणाली. "तू क्रुसापुढे टेकतोस. तो मेला फक्त क्रूस धरून उभा असतो."

"फोटोत तोच दिसतो ना, नानांग."

"फोटो मी बघत नाही. मला दर वर्षी तू जिवंत दिसतोस."

एलिसेओ माझ्याकडे बघत राहिला. मला त्याची दया आली आणि आईचा रागही आला, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

त्या वर्षी पटांगण कधी नव्हे इतकं भरलं. पुढच्या दोन रांगा मेयरच्या माणसांनी धरून ठेवल्या होत्या, सगळ्यांचे फोन वर. होनोरातो मुकुट घालून, पोट पुढे काढून फिरत होता. लढाई झाली, सुलतान हरला. एलिसेओने तलवार खाली ठेवली आणि गुडघे टेकले. होनोरातोने शिंपल्यातलं पाणी घातलं. मी ओळ दिली.

"ऊठ बंधो, पूस डोळे."

होनोरातो गप्प. मला वाटलं ऐकू गेलं नाही. पुन्हा दिली. त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला, आणि फोनांकडे तोंड करून छाती काढून उभा राहिला. पाणी माझ्या भावाच्या नाकावरून ठिबकत होतं. त्याला उठता येईना, कारण नवस होता, आणि मान वर करता येईना, कारण मान वर केली की फोटो आणखी चांगला आला असता. समोर नानांग हात जोडून बसलेली.

मी तिसऱ्यांदा ओळ दिली ती शाळेच्या आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या. आणि तरीही तो हलेना, तेव्हा म्हणाले, "काय हो मेयर, कानात बोळे घातलेत का?"

आधी मागची पोरं हसली, मग मासेवाल्या, मग सगळं पटांगण. होनोरातो लाल झाला आणि त्याने ओळ अशी घाईने म्हटली की 'बंधो' हा शब्द गिळूनच टाकला. एलिसेओ उठला. दुसऱ्या दिवशी बाजारात लोक कानात कापूस खोचून फिरत होते. ना नदी, ना वाळू, माझ्या भावाचा प्रचार त्या कापसाने केला. तो थोडक्या मतांनी जिंकला. मी त्या रात्री इतकी नाचले की दोन्ही गुडघे सुजले.

महिन्याभरात होनोरातो माझ्या भावाच्या पक्षात आला. ट्रक काही दिवस थांबले होते, पावसाळ्यानंतर तेही परत आले. मी विचारलं तेव्हा एलिसेओ म्हणाला, "गव्हर्नर रस्ता बांधतायत, मनांग. रस्त्याला वाळू लागते." मी म्हणाले, "नदीलाही लागते." तो हसला, आणि बोलणं तिथेच राहिलं.

मग पुढची जत्रा जवळ आली. एलिसेओ एका संध्याकाळी केळीच्या पानात भाजलेली तुपिग, तांदळाची गोड वडी, घेऊन आला. मला आवडते म्हणून इतकी आणली, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"जत्रेच्या समितीने ठरवलंय," तो म्हणाला. "मुकुट मेयरच्या खुर्चीबरोबर येतो. जुना रिवाज तसाच आहे म्हणे."

इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं, मुकुट अल्बारादोंचा आहे. तो खुर्चीचा निघाला.

"आणि नवस?"

"फादर म्हणाले, नवस घराचा असतो. घरातल्या कुणीही फेडला तरी क्रुसाला पोचतो." त्याने तुपिग सोलून माझ्या हातात दिली. "घरात तू आणि मी. दुसरं आहे कोण?"

"गेल्या वर्षी नवस हातगाडी नव्हता."

"गेल्या वर्षी मी मेयर नव्हतो, मनांग."

हे तो चिडून बोलला नाही, लाजूनही नाही. उद्या बाजार आहे असं सांगावं तसं बोलला.

"तू मुकुट नाही म्हण," मी म्हणाले. "तू सुलतानच हो."

"आणि गुडघे कुणापुढे टेकू? पुन्हा होनोरातोपुढे? मेयर असून? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी तुला निवडून दिलं ते तू गुडघ्यावर होतास म्हणून."

"म्हणून काय जन्मभर गुडघ्यावर राहू?"

तो काही खोटं बोलत नव्हता.

"माझे गुडघे बघितलेस का?" मी म्हणाले. "जिना चढताना वाजतात. आणि बाई सुलतान?"

"पोरी सैनिक होतातच आता. तुला मिशा लावू. थोड्या आहेतच."

आतून नानांगचा आवाज आला. "पुरिंग, एका दिवसाचं तर आहे. मी पुढच्या वर्षी असेन की नाही कुणास ठाऊक."

ती हे दर वर्षी म्हणते. या वर्षी ते खरं वाटावं इतकी ती वाळली होती. मी हो म्हणाले.

प्रॉम्प्टर म्हणून जेनलिन आली. माझीच विद्यार्थिनी, स्वच्छ वाणी, नगरपालिकेत कंत्राटावर कामाला. कंत्राट दर काही महिन्यांनी मेयरच्या सहीने पुढे सरकतं. मी तिला खोक्यात बसवून शिकवलं. "कुणी ओळ चुकवली तर पुन्हा सांगायची. नाही ऐकलं तर मोठ्याने सांगायची. खोक्यातला माणूस कुणाला भीत नाही." ती मान डोलवत होती. "हो, मनांग. हो, मनांग."

जत्रेच्या दिवशी ऊन होतं. सुलतानाचा झगा माझ्या अंगाला मोठा झाला, मिशा घामाने सुटत होत्या. लोक मला बघून हसले, मलाही मजा आली हे कबूल करते. मी तलवार चांगली फिरवली. एलिसेओला मुकुट शोभत होता. लहानपणी तापाने फणफणलेल्या त्या डोक्यावर मी पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या होत्या, आणि आता तिथे मुकुट बघून माझा ऊर भरून आला. ते खोटं नव्हतं.

मग मी तलवार ठेवली आणि गुडघे टेकले. दोन्ही वाजले. त्याने शिंपल्यातलं पाणी घातलं. ते थंड होतं आणि बरं वाटलं.

खोक्यातून जेनलिनचा आवाज आला, स्वच्छ, मी शिकवला तसा. "ऊठ बंधो, पूस डोळे."

एलिसेओ गप्प.

मला वाटलं ऐकू गेलं नाही. "म्हण की," मी दातांत पुटपुटले.

त्याने ओठ न हलवता सांगितलं, "जरा थांब मनांग. गव्हर्नरची गाडी पुलावर आलीय. त्यांना हेच बघायचंय."

"माझे गुडघे, एलिसेओ."

"थोडंच. हलू नकोस, वाईट दिसतं."

बँडवाले वाद्यं खाली करून उभे होते. जेनलिनने ओळ पुन्हा दिली, या वेळी हळू. मी मान तिरकी करून खोक्याकडे पाहिलं. तिथून रंगमंच कसा दिसतो ते मला ठाऊक आहे: आधी गुडघे दिसतात, मग चेहरे. ती माझ्या गुडघ्यांकडे बघत नव्हती. ती माझ्या भावाच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग तिने कागदांवर मान घातली. तिसऱ्यांदा ओळ आली नाही.

लोक हसतील म्हणून मी वाट पाहिली. मागची पोरं तीच होती, मासेवाल्या त्याच होत्या. कुणीतरी खोकलं, एवढंच. पुढच्या दोन रांगांत फोन वर होते. त्याच रांगेत होनोरातो बसला होता, त्याचाही फोन वर. फादर नेस्तोर रस्त्याकडे मान उंचावून बघत होते. आणि नानांग हात जोडून, डोळ्यांतलं पाणी न पुसता माझ्याकडे बघत होती. तिचं पोर जिवंत होतं आणि नवस फिटत होता.

उठले असते तर तिचा नवस मोडला असता. ओरडले असते तर कुणावर? गेल्या वर्षी ज्याच्यासाठी ओरडले, तो माझ्यासमोर शिंपला धरून उभा होता. मला हे नाटक अथपासून इतिपर्यंत पाठ आहे, राजाचं, सुलतानाचं, दारावरच्या पहारेकऱ्याचंसुद्धा. मी सगळं आठवून पाहिलं. या जागी सुलतानाला ओळ नाही.

पुलाकडून सायरन ऐकू येऊ लागला. माझ्या भावाने मुकुट सरळ केला.