बाई कधी येतील

फोन आला तेव्हा तो एका सोफ्याचं जुनं कापड उसवत होता. तोंडात धरलेले खिळे त्याने तळहातावर घेतले आणि हॅलो म्हणाला. पलीकडून कर्जाच्या कंपनीतली मुलगी बोलत होती. हप्ता आला नाही, बाईंना फोन द्या, म्हणाली. शिलाईचं मोठं मशीन बायकोने स्वतःच्या नावावर कर्ज काढून घेतलं होतं आणि तो जामीन होता.

"ती गेली," तो म्हणाला.

"कधी येतील?"

मुलीची काही चूक नव्हती. गेली म्हणजे बाजारात गेली, माहेरी गेली, असंच कुणालाही वाटेल. त्याने तिथल्या तिथे खुलासा करायला हवा होता. पण बायकोला जाऊन महिनाही झाला नव्हता आणि कुणीतरी इतक्या सहज विचारत होतं, की ती कधी येणार. त्याला नाही म्हणवेना.

"सांगता येत नाही," तो म्हणाला.

पुढच्या वेळीही तेच झालं, त्याच्या पुढच्या वेळीही. खरं तर तो त्या फोनची वाट बघायला लागला होता. गल्लीतले सगळे बायकोबद्दल बोलताना 'होती' म्हणायचे. 'येतील' म्हणणारी एवढी एकच मुलगी होती.

मग फोन थांबले आणि वसुलीवाला दारात आला. हेल्मेट हातात अडकवलेला, जाडजूड माणूस. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं बघून त्याने मुद्दाम आवाज चढवला. बाई कर्ज बुडवून पसार झाल्या आणि नवरा पत्ता लपवतो, अशी कंपनीत नोंद झाली होती.

"कुठे गेली ते नका सांगू काका," वसुलीवाला म्हणाला, "कुणाबरोबर गेली एवढं तरी सांगा."

गिऱ्हाइकाने मान खाली घातली. एका वाक्यात वसुलीवाल्याचं तोंड बंद झालं असतं, पण असल्या माणसापुढे बायकोचं मरण काढणं त्याच्या जिवावर आलं. सोमवारी मशीन उचलणार, असं बजावून वसुलीवाला गेला.

मशीन गेलं की दुकान बसलं. त्यात एका नाट्यगृहाच्या खुर्च्या मढवायचं काम हातातोंडाशी आलेलं. कापड उधारीवर मिळावं म्हणून तो व्यापाऱ्याकडे गेला. व्यापाऱ्याने कॉम्प्युटरवर कर्जांच्या नोंदींत त्याचं नाव घातलं आणि पडदा त्याच्याकडे फिरवला. जामीनदार. हप्ते थकलेले. कर्जदार बेपत्ता.

"या स्कोअरवर माझ्या सख्ख्या बापालाही मी चिंधी देणार नाही," व्यापारी म्हणाला, आणि वर चहा पाजला.

बायकोची धाकटी बहीण दुपारी त्याच्यासाठी जेवण घेऊन यायची. खुर्च्यांचं काम हातचं गेलं म्हटल्यावर तिने खोदून खोदून विचारलं. 'बेपत्ता' ऐकल्यावर वाढता वाढता तिचा हात थांबला.

"भावजी, तुम्ही त्यांना सांगितलंच नाहीत?"

"सांगितलं. गेली म्हणून सांगितलं."

"गेली!" तिने डाव आपटला. मग तिने सगळं ऐकवलं. ताईने कर्ज घेतलं तेव्हा ती बरोबर होती. विम्याचे पैसे आधीच कापले म्हणून ताई कंपनीतल्या साहेबाशी कडाकडा भांडली होती. कर्ज घेणारा मेला तर राहिलेले पैसे विमा फेडतो, असं साहेबाने तेव्हा समजावलं होतं. भावजींनी कधीच कळवलं असेल, असं ती धरून चालली होती. बोलता बोलता तिला रडू आलं, आणि रडता रडता तिने त्याला गाढव म्हटलं.

शुक्रवारी तो मृत्यूचा दाखला घेऊन कंपनीत गेला. काचेपलीकडच्या मुलीने नाव विचारलं. आवाज त्याने लगेच ओळखला. नाव ऐकून तिनेही ओळखलं.

"आल्या का बाई?"

त्याने दाखला काचेखालून सरकवला. ती वाचत राहिली. वाचून झाल्यावर तिने कॉम्प्युटरवर त्याचं खातं उघडलं.

"काका, इथे 'बेपत्ता' आहे ते मी बदलते. 'मयत' टाकू ना?"

"दुसरं काही नाही?"

"'स्थलांतरित' आहे. म्हणजे दुसरीकडे राहायला गेलेले."

तो त्या शब्दापाशी घुटमळला. मागे रांग वाढत होती. कुणीतरी घसा खाकरला.

"तसं टाकलं तर विमा नाही मिळणार, काका," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही हो म्हणाल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही."

"मयत टाका," तो म्हणाला.

मग तिने न लपवता सगळं सांगितलं. विम्याचा निकाल लागेपर्यंत मशीन कुणी उचलणार नाही. पण कळवायला फार उशीर झालाय, विमावाले नाकारतील असंच धरून चाला. 'बेपत्ता' पुसलं जाईल. थकलेल्या हप्त्यांचा डाग मात्र त्याच्या नावावर काही वर्षं राहणार. तोवर उधारी कुणी देणार नाही, मागायलाही जाऊ नका. त्याने मान हलवली आणि रांगेतून बाजूला झाला.

दुकानात मेहुणी वाट बघत बसली होती. काय झालं, तिने विचारलं. त्याला मशीनचं सांगायचं होतं, विम्याचं सांगायचं होतं.

"तुझी ताई वारली," तो म्हणाला.

तिने उठून त्याच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

"हो भावजी," ती म्हणाली. "बसा."