झुलत्या पुलावर साहेब

सिरसाळ्याचे विजयसिंह सभापती होऊन गेले त्याला बराच काळ लोटला होता. पण 'माजी' हा शब्द त्यांच्या तोंडावर उच्चारायची कुणाची छाती नव्हती. बालाघाटातल्या एका धबधब्यावर झुलता पूल झाला, तेव्हा त्यावर आपला व्हिडिओ निघालाच पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. श्रावणातल्या रविवारी साहेब, त्यांच्या पत्नी रोहिणीताई आणि गाड्या भरून कार्यकर्ते निघाले. सगळ्यांत पुढं शहादेव, साहेब शिंकले तरी स्टेटस ठेवणारा.

रस्ता संपला आणि जंगलातली चढण लागली. चिखल, करवंदीचे काटे. दर वळणावर साहेब धापा टाकत म्हणायचे, "निसर्ग बघू द्या जरा." मग सगळेच निसर्ग बघायचे. रोहिणीताई मात्र पदर खोचून पुढं गेल्या आणि पूल ओलांडून धबधब्याजवळच्या खडकावर निवांत बसल्यासुद्धा.

साहेब हात हलवत पुलावर चढले. पाठोपाठ सगळी फौज, कारण व्हिडिओत प्रत्येकाला दिसायचं होतं. मधोमध पूल असा हेलकावला की साहेबांची नजर खाली दरीत गेली, आणि ते मटकन गुडघ्यांवर बसले. मग तसेच रांगू लागले.

मागं सगळे थिजले. साहेब रांगत असताना उभं कसं राहायचं? आधी भारत नावाचा कार्यकर्ता खाली बसला, मग एकेक करत सगळे. शहादेवला उंचीचं भय नव्हतं. विहिरीत मुटके मारण्यात त्याचं लहानपण गेलं होतं. तरी तोही टेकला.

पलीकडून रोहिणीताई ओरडल्या, "शहादेव भावजी, तुमी कावून रांगायलात?"

"वहिनीसाहेब, साहेब..."

"त्यांना भ्या वाटलं. तुमाला काय झालं?"

शहादेवचे कान तापले. त्यानं एक गुडघा उचलला. तेवढ्यात साहेबांनी मागं वळून बघितलं. गुडघा परत फळीवर टेकला.

पलीकडं पोचल्यावर साहेब घाम पुसत म्हणाले, "निसर्गाला नमन केलं म्हना." टाळ्या पडल्या. स्टेटस शहादेवनंच ठेवलं: 'निसर्गापुढं नतमस्तक नेतृत्व.'

घरी त्याच्या बायकोनं, वनमालानं, सोललेल्या गुडघ्यांना हळद लावली.

"पडलात का?"

"न्हाई."

"मग?"

शहादेवनं मोबाईल काढला आणि स्टेटस किती जणांनी बघितलं ते मोजू लागला.

पुढच्या आठवड्यात युवक आघाडीचं तालुकाध्यक्षपद भारतला मिळालं. शहादेवला राहवेना. साहेबांच्या ओसरीवर जाऊन त्यानं विचारलं, "साहेब, माझं काय चुकलं?"

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं काईच चुकलं न्हाई. तू गुडघ्यावर आलास, मी बघितलं. पन भारत पार पोटावर आलता रे."

संध्याकाळी भारतच्या अभिनंदनाचं बॅनर छापायला गेलं. शुभेच्छुकांत घालायला शहादेवनं आपला फोटो पाठवला. हात जोडलेला.